टाचेमागची शीर दुखतेय? सकाळच्या पहिल्या दहा पावलांपासून सुरुवात करा

सकाळी अंथरुणातून उठल्यावर बाथरूमपर्यंत भिंतीला धरून जावं लागतं. टाचेच्या मागे आतून कुणी दोरी आखडून धरली आहे असं वाटतं. चहा होईपर्यंत पाय मोकळा होतो आणि आपण म्हणतो, झोपेत अवघडला असेल. संध्याकाळी पुन्हा पळायला जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच भिंत.

मी असे चार महिने काढले. वय सत्तेचाळीस, पुण्यात सपाट रस्त्यावर आठवड्याला पंधरा-वीस किलोमीटर पळायची सवय, आणि मनात आलं की यंदा साताऱ्याची हिल मॅरेथॉन करायची. लगेच सिंहगडाच्या घाटात चढाचा सराव सुरू केला. दुखायला लागलं की तीन आठवडे विश्रांती घ्यायची, बरं वाटलं की पुन्हा तेवढंच अंतर पळायचं, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा लंगडायचं. हे चक्र तीनदा फिरलं. एका ठिकाणी मला थेट स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं, दुसरीकडे पळणं कायमचं सोडायला सांगितलं. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "काल पळताना किती दुखलं ते राहू द्या, आज सकाळी किती दुखलं?" मी डॉक्टर नाही. त्यांच्याकडून आणि नंतरच्या वाचनातून जे शिकलो, ते नव्याने या दुखण्यात सापडलेल्यांसाठी इथे लिहितो आहे.

आधी ही शीर म्हणजे काय ते समजून घ्या

बोलताना आपण 'शीर' म्हणतो, पण रक्तवाहिनीशी तिचा संबंध नाही. ही कंडरा आहे, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. पोटरीतले दोन मोठे स्नायू खाली येता येता एकत्र होतात आणि या सुमारे १५ सेंटिमीटर लांबीच्या दोरीने टाचेच्या हाडाला जोडले जातात. वरचा स्नायू गुडघ्याच्याही वरून निघतो, म्हणून गुडघा सरळ असताना तो जास्त काम करतो. त्याच्या खालचा चपटा स्नायू गुडघ्याच्या खालूनच निघतो, आणि गुडघा वाकलेला असताना मुख्य भार त्याच्यावर येतो. पुढे व्यायाम दोन प्रकारे का करायचा, याचं कारण हेच आहे.

ही शरीरातली सर्वांत जाड आणि मजबूत कंडरा. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण सहा ते आठ पट ताण येतो. सत्तर किलोच्या माणसाच्या बाबतीत हा ताण दर पावलाला जवळजवळ अर्ध्या टनाचा झाला. स्प्रिंगसारखी ती ताणली जाते आणि पाऊल उचलताना ती शक्ती परत देते. एवढा भार ती सहज पेलते, फक्त त्याची सवय हळूहळू झालेली असावी लागते. स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतो, पण कंडरेला रक्तपुरवठा कमी असल्याने ती त्याच्या मागे रेंगाळत येते. माझ्या पोटऱ्या घाट चढायला महिनाभरात तयार झाल्या, मागची दोरी झाली नव्हती.

ग्रीक पुराणकथेत थेटिस आपल्या बाळाला टाचेला धरून स्टिक्स नदीत बुडवते. त्याचं सगळं अंग अभेद्य होतं, फक्त धरलेली टाच कोरडी राहते, आणि पुढे त्याच टाचेत बाण लागून तो मरतो. त्या अकिलीसचं नाव या कंडरेला मिळालं, म्हणून डॉक्टर 'अकिलीस टेंडन' म्हणतात. रिपोर्टवर कधी 'टेंडिनायटिस' लिहिलेलं असतं, कधी 'टेंडिनोपथी'. हल्ली दुसरा शब्द जास्त वापरतात, कारण महिनोन्महिने चाललेल्या दुखण्यात दाह हा मुख्य प्रकार नसतो. कंडरेतल्या तंतूंची वीण विस्कटलेली असते आणि ती जागा जाड झालेली असते. दाह कमी करणाऱ्या गोळ्या अशा वेळी चार दिवस बरं वाटायला लावतात, विस्कटलेली वीण त्यांनी बसत नाही.

नेमकं कुठे दुखतंय ते बोटाने शोधा

अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कंडरा धरा आणि टाचेपासून वर सरकत जा. दोन शक्यता असतात.

टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटिमीटर वर, म्हणजे साधारण दोन-तीन बोटं वर, दुखरी आणि जाडसर गाठ लागली तर दुखणं कंडरेच्या मधल्या भागात आहे. हा प्रकार जास्त दिसतो, आणि व्यायामाला चांगला दाद देतो.

जिथे बुटाची मागची कड घासते, तिथे हाडावरच दुखत असेल तर दुखणं कंडरेच्या जोडावर आहे. हे जास्त चिवट असतं आणि याचे नियमही थोडे वेगळे आहेत. इथे नुसत्या ताणाबरोबर कंडरा हाडावर दाबली जाणं हेही त्रासाचं मूळ असतं. पंजा वर आणि टाच खाली गेली की हा दाब वाढतो. आता आपल्या दिवसभरात असं कधी होतं ते आठवा: उकिडवं बसणं, भारतीय पद्धतीचा संडास, सूर्यनमस्कारात पर्वतासन करताना टाचा जमिनीला टेकवायचा अट्टहास. जोडावर दुखणाऱ्याने हे सगळं काही आठवडे टाळावं. घरच्यांनी पाय ओढून 'स्ट्रेचिंग' करून दिलं तर तेही प्रेमाने नाकारावं.

दुखणं टाचेच्या तळव्याला असेल, खाली टाच टेकवताना कळ येत असेल, तर तो बहुधा तळव्याच्या पट्ट्याचा त्रास. तेही सकाळीच दुखतं, त्यामुळे गल्लत होते. हा लेख त्यासाठी नाही.

ही लक्षणं असतील तर व्यायाम बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा

पळताना, बॅडमिंटन खेळताना किंवा नुसती बस पकडायला धावताना मागून कुणी लाथ मारली असं वाटलं, 'फट्' असा आवाज आला, वळून पाहिलं तर मागे कुणीच नाही, तर कंडरा तुटली असण्याची शक्यता आहे. फसवणूक इथे अशी होते की तुटल्यावरही माणूस लंगडत चालू शकतो, पाऊलही थोडंफार हलतं, म्हणून 'मुरगळला' म्हणत तेल लावून चोळलं जातं आणि दिवस वाया जातात. एक सोपी तपासणी आहे. पालथं झोपून पावलं पलंगाच्या कडेबाहेर सोडा आणि दुसऱ्याला पोटरी दाबायला सांगा. धडधाकट पायाचं पाऊल दाबताच हलतं, तुटलेल्या बाजूचं जवळजवळ ढिम्म राहतं. शंका आली तरी त्याच दिवशी अस्थिरोग तज्ज्ञांकडे जा. उपचार ऑपरेशनने होतो आणि ऑपरेशनशिवाय खास बूट वापरूनही होतो, पण सुरुवात लवकर व्हावी लागते.

पोटरी सुजली, गरम लागतेय, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा ऑपरेशननंतर, तर पायाच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी नाही ना हे तातडीने पाहावं लागतं. दोन्ही टाचा दुखतात, सकाळी कंबरही तासभर आखडलेली असते, सोरायसिस आहे किंवा डोळे वारंवार लाल होऊन दुखतात, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. दोन्ही बाजूंच्या कंडरांवर न दुखणाऱ्या टणक गाठी असतील तर कोलेस्टेरॉल तपासा, ते घराण्यातून आलेलं असू शकतं.

आणि एक गोष्ट आपल्याकडे फारसं कुणी विचारत नाही: गेल्या काही आठवड्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन घेतलंय का? जुलाब किंवा लघवीचा संसर्ग झाला की ही औषधं सर्रास दिली जातात, बऱ्याचदा दुकानातून थेट आणली जातात. या गटामुळे कंडरा दुखू शकते, तुटूही शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये यावर ठळक इशारा छापायला लावला. साठीच्या पुढे, आणि सोबत स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर धोका वाढतो. औषध चालू असताना टाचेमागे दुखायला लागलं तर पळणं थांबवा आणि डॉक्टरांना लगेच फोन करा.

यातलं काही नसेल तर बहुतेकदा एमआरआयची घाई नको. निदान बोटाने आणि प्रश्नांनी होतं. सोनोग्राफीत दिसणारे बिघाड न दुखणाऱ्या कंडरेतही सापडतात, आणि दुखणं थांबल्यावरही बरेच दिवस तसेच दिसत राहतात.

पहिले दोन आठवडे: ओझं उतरवा, पण बसून राहू नका

मागच्या सहा आठवड्यांत काय बदललं ते कागदावर लिहा. अंतर वाढवलं? चढ आला? दोरीवरच्या उड्या सुरू केल्या? टाचेला कमी उंची असलेले नवे बूट घेतले? एरवी खुर्चीत बसणारे असाल आणि एकदम वारीत पालखीबरोबर चालायला लागलात? आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची आहे, ती पायांना आधी कळवावी लागते. जे बदललं असेल ते तूर्त कमी करा. उड्या, वेगाचं पळणं आणि चढ बंद. सपाटीवर चालणं, सायकल, पोहणं चालू.

संपूर्ण विश्रांती का नको? पडून राहिलं की दुखणं शांत होतं, पण कंडरेची भार पेलायची ताकदही त्याबरोबर उतरते. मग जुन्या अंतरावर परत गेलात की तेच अंतर तिला आधीपेक्षा जड पडतं. माझं तीनदा फिरलेलं चक्र हेच होतं.

घरात फरशीवर अनवाणी किंवा सपाट स्लिपरमध्ये फिरू नका. टाचेला थोडी उंची असलेली चप्पल घरात वापरा. कोल्हापुरी काही दिवस कपाटात राहू दे. बाहेरच्या बुटांत टाचेखाली एक-दीड सेंटिमीटरची गादी घाला, आणि ती दोन्ही बुटांत घाला, नाहीतर कंबर तक्रार करेल. जोडावर दुखणाऱ्यांना या गादीचा फायदा लवकर जाणवतो. बर्फ लावा किंवा शेका, जे बरं वाटेल ते. दोन्हींचा उपयोग तात्पुरत्या आरामापुरता. दुखऱ्या गाठीवर अंगठा रोवून मालिश करू नका.

व्यायाम: पायरी, पाठीवरची पिशवी आणि संयम

स्वीडनचे अस्थिशल्यविशारद हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये पंधरा हौशी धावपटूंवर एक साधा व्यायाम करून पाहिला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन संच, वाकवून पंधराचे तीन संच, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. दिवसाला १८० वेळा. सगळे पुन्हा पळायला लागले. आल्फ्रेडसन यांना स्वतःला हाच त्रास होता. वरिष्ठांनी ऑपरेशनला नकार दिला, तेव्हा 'मग व्यायामाने तुटूच दे' अशा चिडीने त्यांनी हे सुरू केलं आणि दुखणंच थांबलं, असा किस्सा सांगतात.

आता १८० ची सक्ती राहिलेली नाही. २०१५ मध्ये डेन्मार्कमध्ये झालेल्या तुलनेत आठवड्यातून फक्त तीनदा, पण जास्त वजन घेऊन आणि सावकाश केलेला व्यायाम तितकाच गुणकारी ठरला. नोकरी-संसार सांभाळणाऱ्याला हाच जमतो. मी केला तो क्रम असा:

१. खूपच ठणकत असेल तर आधी फक्त धरून ठेवा. दोन्ही पायांच्या चवड्यांवर उभं राहून टाचा थोड्या उचला आणि ४५ सेकंद थांबा. दोन मिनिटं विसावा. असं पाच वेळा. काहींना यानेच त्या दिवसापुरता आराम मिळतो.

२. मग जमिनीवर दोन्ही पायांनी टाचा उचला. तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली. पंधराचे तीन संच, एक दिवसाआड. ओट्याला हात टेकवा, पण तोल सांभाळण्यापुरताच. अंग हातांवर टाकलंत तर व्यायाम ओट्याचा होईल.

३. हे सोपं झालं की एका पायावर. बहुतेकांची गंमत इथेच कळते: चांगला पाय वीस वेळा उचलतो आणि दुखरा सातव्याला थरथरतो. तो फरक भरून काढणं हेच काम आहे.

४. बसूनही करायचं. खुर्चीत बसा, मांडीवर गुडघ्याजवळ वजन ठेवा आणि टाचा उचला. वाकलेल्या गुडघ्याचा स्नायू असा तयार होतो. पळणाऱ्यांनी हा भाग अजिबात गाळू नये.

५. मग वजन. पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो तांदळाची पिशवी, नंतर दहा. वजन वाढलं की संख्या उतरवायची: पंधरा, बारा, दहा, आठ. आठव्या वेळेला खरोखर जड वाटलं पाहिजे. जिममध्ये जात असाल तर लेग प्रेसवर हेच करता येतं.

मधल्या भागाचं दुखणं असेल तर तिसऱ्या टप्प्यानंतर पायरीच्या कडेवर जाऊन टाच पायरीखाली सोडायला हरकत नाही. जोडावर दुखत असेल तर जमिनीच्या खाली टाच नेऊ नका, सगळं सपाटीवर करा. हा एकच फरक न कळल्याने इंटरनेटवरून व्यायाम उचलणाऱ्या कित्येकांचं दुखणं वाढतं.

सकाळची वही

व्यायाम करताना थोडं दुखणं चालतं, आणि नव्या माणसाला हेच पटत नाही. शून्य ते दहा अशी पट्टी मनात धरा. व्यायामात किंवा चालताना तीनपर्यंत दुखणं बिनधास्त चालेल. पाचपर्यंतही चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर उतरलं पाहिजे. स्वीडनमध्येच २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच नियमाने काही जणांना व्यायामासोबत पळणंही चालू ठेवू दिलं होतं. सहा आठवडे पळणं बंद ठेवलेल्यांच्या तुलनेत त्यांचं काही बिघडलं नाही.

म्हणून उशाशी वही ठेवा. उठल्यावर पहिल्या दहा पावलांना गुण द्या आणि शेजारी आदल्या दिवशी काय केलं ते लिहा. कंडरा त्या क्षणी फारसं बोलत नाही, तिचं उत्तर रात्र उलटून येतं. पळताना अंग तापलं की दुखणं विरतं, आणि त्या मोहात आपण दोन किलोमीटर जास्त पळतो. माझ्या वहीत एक नोंद आहे: 'संध्याकाळी ५ किमी, अजिबात त्रास नाही.' खालच्या ओळीत दुसऱ्या सकाळचे गुण आहेत: सहा.

सकाळचा आकडा सलग वाढत असेल तर एक पायरी मागे या. आठवडाभर स्थिर असेल तर थोडं वजन वाढवा. तीन-चार आठवड्यांत फार फरक दिसला नाही म्हणून सोडू नका. बारा आठवडे हा किमान हिशेब आहे, पूर्ण मोकळं व्हायला सहा महिने आणि कधी त्याहून जास्त लागतात. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणण्याचा इथेही उपयोग आहे.

पुन्हा पळायला कधी लागायचं?

अर्धा तास झपझप चालून दुसऱ्या सकाळी आकडा हलला नाही, एका पायावर टाच उचलणं चांगल्या पायाच्या जवळपास आलं, आणि जागेवर हलक्या उड्या मारता आल्या, की सुरू करा. एक मिनिट जॉगिंग, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. मग किमान एक पूर्ण दिवस मोकळा. दर आठवड्याला पळण्याचं मिनिट थोडं वाढवा. आधी अंतर, मग वेग, आणि चढ सगळ्यात शेवटी. घाटात चढताना पंजा वर राहतो आणि पोटरीला ढकलावं लागतं, त्यामुळे कंडरेवर दुहेरी भार येतो. शर्यतीचं नाव नोंदवून मग तारखेच्या मागे धावू नका. मी मुंबई मॅरेथॉनचे पैसे भरून एकदा ती चूक केली आणि जानेवारीतल्या त्या रविवारी घरी बसून टीव्हीवर शर्यत पाहिली.

इंजेक्शनं आणि बाकीचं

कंडरेत स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका. दुखणं काही आठवडे जातं, पण कंडरा कमकुवत होऊन तुटण्याचा धोका असतो. स्वतःच्या रक्तातून काढलेल्या पीआरपीच्या (प्लेटलेट्सचं प्रमाण जास्त असलेल्या द्रवाच्या) इंजेक्शनची जाहिरात जोरात असते आणि खर्चही तसाच. 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात २०१० आणि २०२१ मध्ये आलेल्या चाचण्यांत ती मिठाच्या पाण्याच्या किंवा खोट्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरली नाही. तीन महिने नेटाने व्यायाम करूनही अडलं तर शॉकवेव्हचा, म्हणजे दुखऱ्या जागी यंत्राने बाहेरून ध्वनिलहरींचे ठोके देण्याच्या उपचाराचा, विचार करता येतो, तोही व्यायामाच्या जोडीला. ऑपरेशन फार थोड्यांना लागतं. मोहम्मद शमीने २०२३ च्या विश्वचषकात सात सामन्यांत २४ बळी घेतले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये याच कंडरेचं ऑपरेशन करून घेतलं. रणजी सामन्यात तो परतला नोव्हेंबरमध्ये. दिमतीला फिजिओंची फौज असताना त्याला एवढा वेळ लागला, तेव्हा आपला हिशेब आपण करावा.

दुखणं गेल्यावरही अधूनमधून उसळतं, लग्नसराईत दिवसभर सपाट मोजडीत उभं राहिल्यावर किंवा विसर्जन मिरवणुकीत चालून आल्यावर. घाबरू नका. दोन-तीन दिवस उड्या आणि पळणं बंद, टाचेखाली गादी, व्यायाम एक टप्पा खालचा, आणि सकाळचा आकडा उतरला की पुन्हा पूर्ववत. मी आजही आठवड्यातून दोनदा टाचा उचलतो, सकाळी कुकर लावला की ओट्यापाशी उभं राहून. तीन शिट्ट्यांत दोन्ही पायांचे संच होतात.